लेकरू कोणाच्या भरवशावर?



दसरा झाला की आपल्या चर्चमधले बाक रिकामे होऊ लागतात आणि दिवाळी सरेपर्यंत मागच्या रांगांत बसायला फारसे कोणी उरत नाही, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, पाण्याचे बॅरल, एखादी शेळी आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली माणसे. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी साताऱ्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. आगमनकाळ आणि नाताळ आपण निम्म्या माणसांनिशी साजरा करतो. मंडळी परततात तेव्हा उपवासकाळ संपत आलेला असतो. एखाद्या वर्षी पुनरुत्थानाचा सणही होऊन गेलेला असतो.

फादरांनी आम्हा उभयतांना या पत्रिकेसाठी कुटुंबजीवनावर चार शब्द लिहायला सांगितले, तेव्हा आमच्या मनात आले ते नेहमीचेच विषय होते : मोबाईल, मुलांचा अभ्यास, घरातली संध्याकाळची प्रार्थना. पण त्याच रविवारी मिस्सानंतर एका बाईने आम्हाला गाठले. दोन दिवसांनी त्यांची टोळी निघायची होती. तिने विचारले, "ताई, लेकरं संगं नेऊ का ठिवून जाऊ?" आम्ही चटकन म्हणालो, "शाळा बुडवू नका. ठेवून जा." ती बरं म्हणाली आणि गेली. कोणाजवळ ठेवणार, हे आम्ही विचारलेच नाही. घरी येताना ते दोघांच्याही लक्षात आले, आणि मग मोबाईलवर लिहावेसे वाटेना.

खरे तर हा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे. मुले आम्हाला मम्मी-पप्पा म्हणतात, तेच शब्द येथे वापरतो. आमच्यापैकी पप्पांना त्यांच्या आईबापांनी फडावर सोबत नेले होते. मम्मीला तिच्या आईबापांनी मागे ठेवले होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत या एका गोष्टीवर आमचे एकमत झालेले नाही.

पप्पांचे सात हंगाम कोपीवर गेले. पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन निघून जायचे. कडाक्याच्या थंडीत सहा-सात वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचा. दिवस वर आला की तिला कडेवर घेऊन फडात जायचे, वाढे गोळा करायचे, मोळ्या बांधायला पाचट आणून द्यायचे. गाडी भरायला कधी मध्यरात्री आली, तर सगळे उठायचे. गावच्या शाळेत नाव होते, पण सहा महिने जागा रिकामी. चैत्रात परत आल्यावर गुरुजी वरच्या वर्गात घालायचे आणि तिथली पुस्तके परक्या भाषेतली असावीत तशी दिसायची. एस.टी.त नोकरी लागेपर्यंत जे शिक्षण झाले, ते पुढे रात्री जागून, मोठ्या वयात झाले. हे सगळे सांगून झाले की पप्पा म्हणतात, "पण रात्री मी आईजवळ झोपलो."

मम्मीची शाळा बुडाली नाही. ती आजीजवळ राहिली. आजीला रात्रीचे दिसत नसे. दहाव्या वर्षी मम्मी भाकरी थापत होती, हापशावरून पाणी आणत होती, धाकट्या भावाला आंघोळ घालून शाळेत नेत होती. चौथीत तिचा पहिला नंबर आला, तो सांगायला घरी कोणी नव्हते. तिला भूक आठवत नाही. आठवते ती दाराची कडी. कडी सैल होती. दररोज दिवे लागणीनंतर शेजारची एक मावशी येई, आतून कडी लावून घ्यायला लावी, बाहेरून दार ओढून बघे आणि मगच आपल्या घरी जाई. ती मावशी नात्याची नव्हती, जातीची नव्हती, धर्माचीही नव्हती. तिला कोणी सांगितलेही नव्हते.

मम्मी म्हणते, मुलांना मागे ठेवावे. पप्पा म्हणतात, सोबत न्यावे. आमच्या लक्षात यायला बराच काळ लागला की मम्मी जे बोलते ते शाळेच्या बाजूने नसून त्या मावशीच्या भरवशावर बोलते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, जाऊच नये. तसे म्हणणारे आपल्यातही आहेत. ते बहुधा पगारदार असतात (आम्हीही आहोत). बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या दोन-तीन एकर कोरडवाहू रानावर वर्ष निघत नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागांत खरीप हाती लागला तर लागला. रब्बीला पाणी कुठले? मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, हल्ली त्याहूनही अधिक. ती उचल आजारपणात, लग्नात, घराच्या पत्र्यांत पावसाळ्यातच संपलेली असते. मग सहा महिने ती अंगमेहनतीने फेडायची. एखादा दिवस आजारी पडले तर 'खाडा' म्हणून उलट पैसे कापले जातात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती चांगलीच झाली. पण उचलीवर चालणारा हा व्यवहार तसाच आहे. यात "जाऊ नका" हा उपदेश फुकटचा आहे.

आणि बोल लावायचा तो नेहमी आईलाच. "पोरं टाकून कशी जाते?" असे आपण म्हणतो. बाप टाकून जातो असे कोणी म्हणत नाही. जी बाई पहाटे तीनला उठते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्यात पुन्हा फडात उतरते, तिला आपण मुलांची माया शिकवतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेव्हा वर्तमानपत्रांत खूप लिहून आले, दूरदूरचे लोक येऊन गेले. आपल्याला मात्र ते वाचून नवल वाटले नाही. आपल्या आळीत अशा किती जणी आहेत हे आपल्याला आधीच माहीत होते, आणि ठाऊक असलेली गोष्ट आपण कोणाला बोललो नव्हतो.

आता जी गोष्ट लिहायची ती आम्हाला जड जाते.

चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातल्या मुलीचे लग्न झाले. कुटुंब आपल्या धर्मग्रामातले नव्हते. त्यामुळे आमची सुटका होते असे नाही. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. आमच्या थोरल्या मुलीबरोबर शाळेत जायची, आमच्या ओट्यावर अभ्यास करायची. श्रावणात एके दिवशी कळले की सोयरीक जमली आहे. मम्मी तिच्या आईशी बोलायला गेली. कायदा सांगितला, शाळेतली तिची हुशारी सांगितली, अजून तीन वर्षे थांबा म्हणाली. तिच्या आईने सगळे ऐकून घेतले. ती म्हणाली, "ताई, गेल्या साली हिला म्हातारीपाशी ठिवलं. सहा महिने मला तिकडं झोप नव्हती. आता म्हातारी बी राहिली नाही. वयात आलेली लेक संगं फडावर कशी नेऊ, अन् इथं कुणाच्या भरवशावर टाकू? तुमी ठिवता का?"

मम्मी गप्प राहिली. आमच्या घरात दोन खोल्या, आमची स्वतःची दोन मुले, त्यात एक मुलगा वयात येत असलेला. परक्याच्या मुलीची जोखीम कशी घ्यायची? उद्या काही बरेवाईट झाले तर तिच्या बापाला काय सांगायचे? ही कारणे खोटी नव्हती. मम्मी घरी आली, पप्पांना सांगितले, पप्पाही गप्प राहिले. पंधरा दिवसांनी लग्न लागले. आम्ही दोघेही गेलो, पंगतीला बसलो, पाचशे एक रुपयांचा आहेर केला. मुलगी नऊवारीत होती. ती आमच्या थोरलीकडे बघत होती आणि आमची थोरली खाली बघत होती.

कायद्याबद्दल अज्ञान होते असे आम्हाला म्हणता येणार नाही. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा. १ नोव्हेंबर २००७ पासून तो लागू आहे. मुलीला अठरा, मुलाला एकवीस. गावचा ग्रामसेवक हाच त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो आणि अंगणवाडीसेविका त्याला मदत करते. १०९८ या क्रमांकावर फोन केला तर नावही सांगावे लागत नाही. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे आणि लग्नाच्या दिवशी आम्ही त्या भिंतीवरूनच मांडवात गेलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. सबंध महाराष्ट्राचा आकडा २१.९ आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांना जपतील, असे कोणाला वाटले असेल. दिसत मात्र तसे नाही. हे आकडे आम्ही पूर्वीही वाचले होते. तेव्हा ते 'लोकांचे' वाटायचे. आता आम्हाला माहीत आहे की त्या टक्क्यांतली एक मुलगी आमच्या ओट्यावर बसायची.

त्या दिवसापासून आमचा जुना वाद वेगळ्या ठिकाणी येऊन थांबला. मम्मीचे म्हणणे, आपण फोन करायला हवा होता. तिला ठेवून घ्यायची आपली तयारी नव्हती म्हणून तिचा हक्क काही कमी होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला वाचवण्याआधी आपल्याकडे खाट रिकामी आहे का हे बघायचे नसते. पप्पांचे म्हणणे, फोन केला असता, लग्न मोडले असते, आणि दसऱ्याला आईबाप निघून गेले असते, मग? मुलगी एकटी त्या घरात, आणि आपण कायदा पाळल्याच्या समाधानात दार लावून झोपलो असतो. ज्याला दुसऱ्याच्या लेकराची रात्र सांभाळायची नाही, त्याने तिच्या आईला काय करावे ते सांगू नये. आम्हाला दोघांचेही पटते. फोन न करणे चुकले हे पप्पाही आता मान्य करतात. "तुमी ठिवता का?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवे होते, हे मम्मीही मान्य करते. कोणते चुकणे मोठे, यावर मात्र अजून बोलणे होते.

नाताळानंतरच्या रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण पाळतो. तीन वर्षांतून एकदा त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांच्या येशूचा प्रसंग वाचला जातो. वल्हांडणाचा सण आटोपून मंडळी यरुशलेमहून परत निघतात, मुलगा मागे राहतो, आणि आईबापांना ते एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत कळत नाही. हे वाचताना आम्हाला पूर्वी नेहमी वाटायचे, आईबाप एवढे बेफिकीर कसे? हल्ली तो उतारा ऐकताना दुसरीच गोष्ट जाणवते. दिवसभर त्यांना काळजी वाटली नाही, कारण तो नातलगांत, ओळखीच्या माणसांत असेल असे त्यांनी धरले होते. म्हणजे त्या वाटेवर चालणारी माणसे अशी असली पाहिजेत की आपले मूल कोणाच्याही सोबत असले तरी आईने एक दिवस निर्धास्त चालावे. तो भरवसा मरियेने कुठून आणला नसेल. तो त्या माणसांनी तिला दिलेला होता. आपल्या गावच्या बाईला असा एक दिवसही मिळत नाही, आणि तिला सहा महिने काढायचे असतात.

शासनाने काही केले नाही असे नाही. शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात, तिथे मागे राहिलेल्या मुलांना जेवण मिळते. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय झाला. त्याच्या कितीतरी आधी, २००२ च्या सुमारास, 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू केल्या होत्या. आपल्याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभे केले, तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे. पण वसतिगृहात पोट भरले तरी आमच्या माहितीतली कितीतरी मुले रात्री झोपायला आपापल्या बंद घरांतच जातात. त्या कडीपाशी कोणती योजना पोचणार?

गेल्या दोन हंगामांत आमच्याकडे दोन मुले राहिली. एक नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची तेरा वर्षांची बहीण. यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही, उलट सांगण्यासारखी फजितीच जास्त आहे. पहिल्या महिन्यात आमच्या धाकट्याने त्या मुलाशी अबोला धरला, कारण त्याची सायकल वाटली गेली. मुलीला ताप आला तेव्हा दवाखान्यात नेताना आमचे पाय लटपटत होते. स्वतःच्या मुलीला नेताना कधी तसे झाले नव्हते. त्यांच्या बापाने पाठवलेले पैसे घ्यावेत की नाही, यावर आमची दोन दिवस चर्चा चालली. शेवटी घेतले, कारण न घेतले असते तर त्या माणसाला आमच्या उंबऱ्यावर ताठ उभे राहता आले नसते. एकदा मम्मी वैतागून त्या पोराला बोलू नये ते बोलली आणि रात्रभर रडली. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या आईचा फोन येतो. पहिली दहा मिनिटे ती मुलांना ओरडतच असते, अभ्यास केला का, ताईंना त्रास देता का. मग आवाज बदलतो. तेव्हा आम्ही उठून बाहेर जातो.

यावर्षी आपल्या धर्मग्रामातल्या अकरा घरांतली मिळून एकोणीस मुले मागे राहिली आहेत. सगळ्यांना कोणाच्या तरी घरी राहायला न्यावे असे आम्ही म्हणत नाही; बहुतेकांच्या आज्या धडधाकट आहेत आणि मुलांना त्यांच्याजवळच बरे वाटते. पण संध्याकाळी सात वाजता एका मोठ्या माणसाने जाऊन दार ओढून बघणे, एवढे एकोणीस मुलांसाठी जमण्यासारखे आहे. आपल्या आळीतले कोण मागे राहिले आहे, ते फादरांकडच्या वहीत लिहिलेले आहे. आम्ही आमच्या आळीतली तीन घरे घेतली आहेत. बाकीच्यांसाठी पुढच्या रविवारी मिस्सानंतर बोलू.

त्या शेजारच्या मुलीविषयी सांगायचे राहिले. ती आता एकोणीस वर्षांची आहे, दोन वर्षांच्या मुलीची आई आहे, आणि गेले चार हंगाम नवऱ्याबरोबर कोयता उचलते. पावसाळ्यात माहेरी आली होती, तेव्हा आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिला दहावीला बसायचे आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते हे तिला कोणीतरी सांगितले होते. पप्पांनी तिच्याबरोबर शाळेत जाऊन तो भरला. फोटो, आधार कार्ड, जुन्या शाळेचा दाखला, सगळे जमवता जमवता तीन चकरा झाल्या. पुस्तके ती फडावर घेऊन गेली आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हंगामात. पंधरा-वीस दिवस यायचे म्हणजे तेवढे खाडे पडणार, त्याची बोलणी तिचा नवरा मुकादमाशी करतो आहे. निघताना तिने मम्मीला विचारले, "मी पेपरला बसले की माझी पोरगी कोण सांभाळील?" मम्मी या वेळी गप्प राहिली नाही.